बोस्टनचा नातू आणि डब्लिनचं बाळ

२०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा आपल्याकडे एकच सूर होता, 'आपला माणूस!' वडील डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरात लिओ स्वतः गावात येऊन गेले, तेव्हा तर विचारायलाच नको. त्यांचा जन्म डब्लिनचा आणि आई आयरिश, हे आपण सोयीने विसरलो.

पण मित्रांनो, 'आपला माणूस' म्हणायची हौस आयरिश लोकांना आपल्याहून जास्त. जून १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी वेक्सफर्ड परगण्यातल्या डंगन्सटाउनला आले आणि भावकीच्या अंगणात बसून चहा प्याले. त्यांचे पणजोबा इथूनच गेलेले. २०११ मध्ये ओबामा मनीगॉल नावाच्या लहानशा गावात आले. त्यांच्या आईकडचा एक पूर्वज तिथला. पुढे तिथल्या हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंप आणि हॉटेलच्या थांब्याला चक्क ओबामांचं नाव मिळालं!

हसायला येतं, पण या हौसेच्या मुळाशी मोठी जखम आहे.

१८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. जमीन बड्या जमीनदारांची, त्यातले बरेच इंग्लंडमध्ये राहणारे. कुळांच्या वाट्याला जमिनीचे तुकडे, आणि गरिबाचं पोट बटाट्यावर. पीक पुन्हा पुन्हा गेलं. देशातून धान्य मात्र बाहेर जात राहिलं. काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि साथीच्या रोगांनी मेली, आणि आणखी १० लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८४१ ला त्या बेटाची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती. आज १८० वर्षांनीही ती तेवढी झालेली नाही.

पोरगं अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री घरात सगळे जमायचे आणि मयताजवळ जागतात तसे रात्रभर जागायचे. कारण गेलेला परत दिसणार नाही, हे आईला पक्कं माहीत असायचं.

गंमत बघा. गावी असताना हा माणूस कॉर्कचा किंवा मेयोचा होता. न्यूयॉर्कला उतरल्यावर तो 'आयरिश' झाला. तिथल्या व्यंगचित्रांत त्याला माकडाच्या चेहऱ्याचा दारुडा म्हणून रंगवलं जाई. या हेटाळणीतूनच एकी झाली. चर्च उभी राहिली, पोलीस खातं आणि शहराचं राजकारण हातात आलं. संत पॅट्रिकच्या दिवसाची मिरवणूक न्यूयॉर्कला १७६२ पासूनची, आणि डब्लिनचा आताचा मोठा उत्सव सुरू झाला १९९६ ला! म्हणजे ओळखीचा बराचसा थाट परदेशात घडला आणि नंतर घरी आला.

पैसाही तिकडूनच आला. आधी भावाबहिणींच्या जहाजाचं तिकीट, मग स्वातंत्र्यलढ्याची वर्गणी. स्वातंत्र्यचळवळीचे नेते डी व्हॅलेरा यांचा जन्मच न्यूयॉर्कचा. १९१९-२० मध्ये त्यांनी अमेरिकाभर फिरून ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १८४२ मध्ये आयर्लंडचे नेते डॅनिअल ओ'कॉनेल आणि त्यांच्यासोबत सुमारे ६० हजार लोकांनी सह्या करून अमेरिकेतल्या आयरिशांना विनवलं होतं, 'गुलामगिरीच्या विरोधात उभे राहा.' बहुतेकांनी ऐकलं नाही. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीवरून न्यूयॉर्क पेटलं. ३०० डॉलर भरणाऱ्या श्रीमंताला भरतीतून सूट होती, राग खरा होता. पण जमावाने, ज्यात आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते, तो राग काढला काळ्या लोकांवर. काळ्या मुलांचं अनाथालयसुद्धा जाळलं. उपाशी पोटी आलेल्यांनीच दुसऱ्या गरिबाला 'परका' ठरवलं.

आता आजच्या कायद्याकडे या. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील, तर बोस्टनच्या नातवाला नोंदणी करून आयरिश नागरिकत्व मिळतं. त्याने तो देश कधी पाहिला नसला तरी चालतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायला निघाल्यावर कित्येक ब्रिटिशांना आपली आयरिश आजी अशीच अचानक आठवली!

आणि डब्लिनमध्ये जन्मलेलं बाळ? पूर्वी तिथे जन्मलेलं प्रत्येक मूल नागरिक होतं. २००४ च्या जून महिन्यात सार्वमत झालं आणि ७९ टक्के लोकांनी तो हक्क काढायच्या बाजूने मत दिलं. आता आईबाप दोघेही परदेशी असतील, तर आधीच्या चार वर्षांपैकी किमान तीन वर्षं त्यांच्यापैकी एकाचं तिथे कायदेशीर वास्तव्य लागतं. नाहीतर ते मूल जन्माने आयरिश नाही, मग ते तिथल्याच शाळेत शिको, तिथलीच भाषा बोलो.

मला खटकतं ते इथे. तीन पिढ्या लांबचं रक्त आपलं आणि शेजारच्या पाळण्यातलं बाळ परकं?

२०२५ च्या जुलैत डब्लिनच्या टाला उपनगरात एका भारतीयाला जमावाने मारलं. असे आणखी प्रकार झाले आणि आपल्या दूतावासाला भारतीयांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली. तेव्हाचे आयरिश राष्ट्राध्यक्ष हिगिन्स यांनी हल्ल्यांचा जाहीर निषेध केला. परमुलखात दुसऱ्यांच्या आधारावर जगलेल्या आपल्याच पूर्वजांची आठवणही त्यांनी लोकांना करून दिली.

वराडच्या डॉक्टरचा मुलगा ज्या देशाचा पंतप्रधान झाला, त्याच देशात हे घडलं. दोन्ही खरं आहे. म्हणून पुढच्या वेळी कुणाला 'आपला माणूस' म्हणताना आपण नक्की काय मोजतो, त्याचं आडनाव की त्याचं तिथलं जगणं, एवढं स्वतःला विचारून बघा. आणि हो, आपल्या गावात बाहेरून आलेल्याच्या पोराकडे बघतानाही हेच विचारा.