नाकातील चमकीचा न्याय

कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांप्रमाणेच मद्रासेकडील माणसेही कराराने बांधून घेऊन दक्षिण आफ्रिकेतील नाताळात गेली. ‘ट्रूरो’ हे त्यांचे पहिले जहाज नोव्हेंबर १८६० मध्ये तेथे पोहोचले. मुलगी वयात आली की तिचे नाक टोचावे, ही चाल तेथील काही तमिळ घराण्यांत टिकून राहिली.

२००४ साली दरबानच्या एका सरकारी कन्याशाळेतील तमिळ विद्यार्थिनी सुट्टीनंतर सोन्याची बारीक चमकी घालून वर्गात आली. कानांत साधी कुडी चाले. नाकातील चमकीला मात्र नियमात जागा नव्हती! आईने समता-न्यायालयात दाद मागितली. तेथे अपयश आले, वरच्या न्यायालयात यश मिळाले आणि वाद अखेर घटना-न्यायालयापुढे गेला.

चमकी धर्माने सक्तीची केलेली नाही, हे मुलीच्या पक्षासही मान्य होते. शाळेचा एक मुख्य आधार तोच. ५ ऑक्टोबर २००७ च्या निकालात सरन्यायाधीश पायस लांगा यांनी तो नेमका काढून घेतला. सक्तीच्या आचाराइतकेच श्रद्धेने स्वखुशीने पाळलेल्या आचारासही राज्यघटनेचे संरक्षण आहे, असे त्यांनी ठरविले. सणवार, कुंकू, माळ यांपैकी कितीसे सक्तीचे असते?

धार्मिक व सांस्कृतिक कारणांसाठी सवलत देण्याची रीत नियमावलीत घालावी, असा आदेश शाळेस झाला. मुलगी मात्र तोवर शिक्षण संपवून शाळेबाहेर पडली होती.