धुराची जांभळी कड

मागच्या आठवड्यात मी टाकलेला फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शेअर केला. आपल्या एमआयडीसीतली चिमणी, मागे सकाळचं लख्ख आभाळ आणि धुराच्या कडेला जांभळी रेघ. 'विषारी वायू सोडला' म्हणून तो गावोगाव फिरला. आज कबूल करतो, ती जांभळी कड माझ्या स्वस्तातल्या झूम लेन्सची होती. त्याच फोटोत विजेच्या तारांनाही तशीच कड आहे. मला ते उशिरा दिसलं.

हा दोष जुना आहे. काच निळ्या-जांभळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा जास्त वळवते, म्हणून सगळे रंग एका जागी जुळत नाहीत. दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडून दोन रंग एकत्र आणायची युक्ती अठराव्या शतकातच निघाली. इंग्लंडात जॉन डॉलंडने १७५८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पण उरलेला रंग कडेला सांडतच राहिला.

पुढचं काम जर्मनीतल्या येना शहरात झालं. अर्न्स्ट आबे हिशेब मांडणारा, ऑटो शॉट काच वितळवणारा. १८८४ मध्ये तिथे खास काचांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि १८८६ मध्ये आबेने मायक्रोस्कोपच्या भिंगात फ्लोराइट हे खनिज वापरलं. काच रंग किती फोडते ते 'आबे अंका'वरून कळतं. अंक मोठा, तेवढी फाटाफूट कमी. नेहमीच्या काचेचा अंक ६४ च्या आसपास, फ्लोराइटचा ९५.

अडचण एकच. निसर्गात नितळ फ्लोराइट मिळतो तो बारक्या तुकड्यांत. मायक्रोस्कोपला पुरला, कॅमेऱ्याला नाही. शेवटी जपानच्या कॅननने हा स्फटिक भट्टीत वाढवला आणि १९६९ मध्ये तो बसवलेली ३०० मिमीची लेन्स बाजारात आणली. स्फटिक महाग आणि नाजूक, म्हणून फ्लोरिनयुक्त काचाही बनल्या. भिगवणला रोहित टिपायला येणाऱ्यांच्या लांब लेन्सवर 'ईडी' किंवा 'यूडी' लिहिलेलं असतं, ते याच जातीच्या काचेमुळे.

आता मुद्द्यावर येतो. रंग खोटा होता, धूर खोटा नव्हता. पण चुकीचा पुरावा पुढे केला की खरी तक्रारही उडवून लावायला सोपं जातं, आणि तसं झालं तर दोष माझा. धुरात काय आहे ते हवेचा नमुना तपासूनच कळेल. म्हणून फोटो नको, तपासणीचा अहवाल मागूया. ग्रामसभेत, लेखी.