पंडिता रमाबाई : शांति आणि निष्ठा

श्रोतेहो, मनुष्यानें धर्म स्वीकारला म्हणजे त्याच्या चित्ताची तळमळ तत्काळ शमते, आणि चित्त एकदां शांत झालें म्हणजे पुढील आयुष्यही सुखरूप जातें, अशी पुष्कळांची समजूत असते. पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहिलें असतां या दोन्ही समजुती टिकत नाहींत. त्यांस खरी शांति लाभली ती बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं. आणि ती लाभल्यावरही आघात थांबले नाहींत.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. पत्नीस त्यांनीं संस्कृत शिकविलें म्हणून स्वजनांचा रोष त्यांस सोसावा लागला. हें कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत गांवोगांव हिंडे. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत सांपडून आई, वडील व थोरली बहीण हीं पाठोपाठ मरण पावलीं. पुढें बंधु श्रीनिवास यांच्यासह पायीं हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ च्या आरंभीं पटकीनें तेही गेले. त्या समयीं रमाबाईंचें वय अवघें २३ वर्षांचें, आणि पदरीं मनोरमा ही लहान कन्या.

त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. पुढील वर्षीं शिक्षणाकरितां त्या इंग्लंडांत गेल्या, आणि वाँटेज येथें भगिनीमंडळाच्या आश्रयास असतां २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण मान लववून सर्व कांहीं स्वीकारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. शाकाहार त्यांनीं सोडला नाहीं. जें तत्त्व आपल्या सदसद्विवेकबुद्धीस पटलें नाहीं, तें केवळ वडीलधाऱ्यांच्या आज्ञेनें मानण्यास त्या तयार नव्हत्या. या प्रश्नांवर भगिनी जेराल्डीन यांच्याशीं झालेला त्यांचा सडेतोड पत्रव्यवहार १९७७ सालीं छापून प्रसिद्ध झाला आहे.

अमेरिकेंत साहाय्य मिळवून त्या परतल्या आणि मार्च १८८९ मध्यें मुंबईस त्यांनीं शारदा सदन उघडलें. उच्चवर्णीय बालविधवांना तेथें आसरा व विद्या मिळूं लागली. पुढील वर्षीं ही संस्था पुण्यास आली. नांवलौकिक होता, काम होतें, अनुयायी होते. मात्र समाधान नव्हतें. १९०७ सालीं लिहिलेल्या आत्मनिवेदनांत त्या सांगतात कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, पण ख्रिस्त सांपडला नव्हता. बुद्धीनें सत्य मानणें निराळें आणि त्या सत्याच्या स्वामीवर आपला सगळा भार टाकणें निराळें, हें त्यांस १८९१ च्या सुमारास उमगलें. तेव्हांपासून त्यांच्या लेखनांत एक निश्चिंतपणा दिसूं लागतो.

कसोटीस मात्र फार दिवस लागले नाहींत. रमाबाई प्रार्थनेस बसत तेव्हां दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसत. संस्थेनें धर्मनिरपेक्ष राहण्याचें वचन मोडलें, असा आक्षेप आला. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. आक्षेप घेणाऱ्यांची चिंता अगदींच निराधार होती, असें म्हणतां येणार नाहीं. परक्यांच्या मुली संभाळणें ही मोठी जबाबदारी असते. परंतु लोकांचा राग शमविण्याकरितां स्वतःच्या घरांत लपून प्रार्थना करणें रमाबाईंना मान्य झालें नाहीं. त्यांनीं दार लावलें नाहीं आणि संस्थाही बंद केली नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत गेल्या. लहानपणीं स्वतः सोसलेली भूक त्यांस आठवत होती. तेथून त्यांनीं शेंकडों निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यांत प्लेगमुळें त्यांना ठेवण्यास मनाई झाली. तेव्हां केडगांवच्या उघड्या जमिनीवर मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली. दळणें, विणणें, शेती, छपाई अशीं कामें स्त्रियाच शिकूं व करूं लागल्या.

आयुष्याच्या उत्तरार्धांत रमाबाईंनीं इब्री व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. संस्कृतांत लीलया बोलणाऱ्या या पंडितेनें येथें भाषा मुद्दाम सोपी ठेविली. कारण तें पुस्तक अल्पशिक्षित बायकांच्या हातीं जावयाचें होतें. हें काम चालू असतां जुलै १९२१ मध्यें मनोरमा वारली. संस्थेचा भार पुढें तिनें वाहावा अशी आशा होती, ती संपली. तरी रमाबाईंनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. भाषांतर पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

श्रोतेहो, यावरून शांति म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे, हें उघड होतें. दुःखाच्या दिवशींही नेमलेलें काम ज्या बळानें हातून होतें, तें बळ म्हणजेच शांति. निष्ठा हें तिचें बाहेर दिसणारें रूप होय. रमाबाईंच्या धर्माशीं ज्याचा मतभेद असेल, त्यासही केडगांवचें काम पाहून हें मान्य करावें लागेल.