मायक्रोप्टेरिक्स वंश व त्याच्या गणाचा प्रश्न

फुलपाखरे व पतंग यांचा अंतर्भाव ज्या लेपिडॉप्टेरा गणात होतो, त्याचे वर्णन करताना गुंडाळता येणाऱ्या सोंडेचा उल्लेख अग्रक्रमाने करण्याचा प्रघात आहे. मायक्रोप्टेरिक्स हा लहान पतंगांचा वंश त्यास अपवाद होय. धातूसारखी झळाळी असलेल्या या पतंगांचा पंखविस्तार १ सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्यांना सोंड नसून कार्यक्षम जबडे असतात व त्यांच्या साहाय्याने ते परागकण भक्षण करतात. अशा कीटकास पतंग म्हणावे काय, हा प्रश्न दीर्घकाल वादाचा विषय झाला.

या वंशातील कॅल्थेला जातीचे वर्णन लिनीयसने १७६१ मध्ये केले. कॅल्था या पाणथळ जागेतील पिवळ्या फुलांच्या वनस्पतीवरून तिला हे नाव मिळाले. पुढे १८२५ मध्ये ह्यूबनरने मायक्रोप्टेरिक्स हा वंश स्थापिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शरीररचनेचा सूक्ष्म अभ्यास सुरू झाल्यावर मात्र मतभेद प्रकट झाले. कॉमस्टॉकने १८९३ मध्ये पुढचे व मागचे पंख परस्परांत अडकविण्याची रीत प्रमाण मानून लेपिडॉप्टेराची द्विभागणी केली. पॅकर्डने १८९५ मध्ये मुखांगे प्रमाण मानली व हा गट इतर सर्व पतंगांपासून निराळा काढला. कॅल्थेलाच्या बाल्यावस्थांचा अभ्यास १८९४ मध्येच प्रसिद्ध करणाऱ्या चॅपमनने त्यापुढचे पाऊल टाकले व १९१७ मध्ये या पतंगांसाठी झूग्लॉप्टेरा हा स्वतंत्र गणच सुचविला. हिंटनने १९४६ व १९५८ मध्ये या मताचा पुरस्कार केला.

या मतांपैकी कोणत्याही मतामागील निरीक्षण चुकीचे नव्हते. दोष होता तो अनुमानात. पूर्वजांकडून जसेच्या तसे उतरलेले लक्षण धारकांचे प्राचीनत्व दर्शविते. त्यांचे निराळे कुळ सिद्ध करीत नाही. नाते ठरते ते सामाईक अशा नव्या लक्षणांनी. हेनिगने १९५० मध्ये मांडलेल्या या तत्त्वाच्या कसोटीवर जबडे हा जुना वारसा ठरतो, तर पंखांवरील खवले मायक्रोप्टेरिक्सला इतर पतंगांशी जोडतात.

दक्षिण अमेरिकेतील हेटेरोबॅथमिया या वंशाचे वर्णन क्रिस्टेन्सेन व निल्सेन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या पतंगांनाही कार्यक्षम जबडे आहेत. परंतु इतर लक्षणांवरून ते सोंडधारी पतंगांचे अधिक निकटचे आप्त ठरतात. जबड्यांच्या आधारे वेगळा गण करावयाचा, तर हे निकटचे आप्तच परस्परांपासून तोडावे लागतील.

आज झूग्लॉप्टेरा हे नाव लेपिडॉप्टेरातील उपगणाचे नाव म्हणून रूढ आहे, आणि डीएनएच्या अभ्यासांनीही हे पतंग या गणाच्या मूळ शाखांपैकी एक असल्याचे दाखविले आहे. चॅपमनने ओळखलेला भेद अशा रीतीने टिकला. केवळ त्याची पायरी खाली आली. एखाद्या जीवाचे वैचित्र्य हे त्याच्या वेगळेपणाचे प्रमाण मानण्यापूर्वी ते नवे की जुने हे पाहणे आवश्यक आहे, हाच या इतिहासाचा वर्गीकरणशास्त्राच्या अभ्यासकास मिळणारा बोध होय.