पाळण्याखाली थांबलेली माणसं

म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा घ्या. देवाला नारळ ठेवून झाला, खाजं घेऊन झालं की पोरांचे पाय आपोआप मोठ्या पाळण्याकडे वळतात. वर दिव्यांचा लखलखाट, गार वारा, किंकाळ्या. आणि खाली बहुतेक घरांतलं एकेक माणूस थांबलेलं असतं. मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या, पायाशी सगळ्यांच्या चपला. कधी ती गुडघे धरलेली आजी असते, कधी दिवस गेलेली सून, तर कधी व्हीलचेअरमधला मुलगा. आजी आपल्या वेळी पाळण्यात बसून आलेली आहे. सून पुढच्या वर्षी बसेल. त्या मुलाची पाळी कधी, हे मात्र कोणी विचारत नाही.

पाळण्यांचा आणि करमणुकीच्या बागांचा इतिहास लिहिताना उंची, वेग आणि तिकीटविक्री यांचे आकडे दिले जातात. आज म्हटलं, या खाली थांबलेल्यांच्या बाजूने तो इतिहास पाहावा. तो बराचसा अमेरिकेत घडला आहे, त्यामुळे आधी तिकडे जावं लागेल. मग आपल्याकडे येऊ.

१८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने तिथे २६४ फूट उंचीचा पाळणा उभा केला. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत. जगभरच्या जत्रांतले अनेक पाळणे याच चाकाचे वंशज. गंमत म्हणजे त्याच प्रदर्शनात चाकांच्या खुर्च्या भाड्याने मिळत आणि त्या ढकलायला तरुण मुलं ठेवलेली असत. पण ती सोय मुख्यतः चालून दमणाऱ्या पैसेवाल्यांसाठी होती. ज्याला खरोखर पाय नाहीत त्याने प्रदर्शनाला यावं, असा विचार त्यामागे नव्हता. घडी घालून मोटारीत टाकता येईल अशी व्हीलचेअर एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज या दोघांनी बनवली ती १९३०च्या दशकात. तोवर अपंग माणसाने घराबाहेर पडणं हेच मोठं काम होतं.

मग आलं डिस्नेलँड. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम इथे ते उघडलं. वॉल्ट डिस्ने यांनी त्यामागची कल्पना अनेकदा सांगितली आहे. आपल्या मुली मेरी-गो-राउंडवर बसलेल्या असताना ते स्वतः बाकावर बसून असत. आईबाप आणि मुलं यांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा का नसावी, असं त्यांना तिथे वाटलं. म्हणजे बघा, थीम पार्क या कल्पनेचा जन्मच ‘बाकावर बसून राहावं लागणाऱ्या माणसा’च्या कंटाळ्यातून झाला! पण तो बाक सुटला धडधाकट बापाचा. त्या काळात अमेरिकेत मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या कितीतरी मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानेच संस्थांत ठेवलं जाई. सहलीला निघालेल्या कुटुंबाच्या चित्रात ती नव्हतीच.

चित्र बदललं ते बागवाल्यांच्या दयेने नाही. ते रस्त्यावर बदललं. जूडी ह्यूमन ही न्यूयॉर्कची मुलगी. लहानपणी पोलिओ झाला म्हणून व्हीलचेअरवर आली. शाळेने तिला प्रवेश नाकारला, कारण काय, तर तिची खुर्ची म्हणजे आग लागली तर धोका! हे कारण लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे. १९७३ साली सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारं कलम अमेरिकेच्या कायद्यात आलं, पण त्याचे नियमच निघेनात. (सरकारी कचेरीत काम केलेल्याला यात नवल वाटणार नाही.) शेवटी एप्रिल १९७७ मध्ये ह्यूमन आणि शंभराहून अधिक अपंग माणसांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत ठाण मांडलं. व्हीलचेअरवाले, अंध, बहिरे, सगळे तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथेच राहिले. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली.

पुढची पायरी अक्षरशः पायरी होती. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये संसद भवनाच्या पायऱ्यांसमोर अपंग कार्यकर्त्यांनी आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या बाजूला ठेवल्या आणि ते सरपटत वर चढू लागले. त्यात सेरेब्रल पाल्सी असलेली आठ वर्षांची जेनिफर कीलन होती. त्याच वर्षी २६ जुलैला अमेरिकेचा अपंगांविषयीचा मोठा कायदा झाला आणि खासगी हॉटेलं, नाट्यगृहं, करमणुकीच्या बागा सगळे त्याखाली आले.

या कायद्याच्या नियमांत एक फार शहाणी गोष्ट आहे. सुरक्षेसाठी अट घालायला हरकत नाही, पण ती खऱ्या धोक्यावर आधारलेली असावी. अंदाज, समजुती किंवा ‘अशा लोकांना’ काय जमेल याबद्दलच्या ठोकताळ्यांवर नसावी. शाळेतल्या त्या ‘आगीच्या धोक्या’ला दिलेलं हे उत्तर म्हणायला हरकत नाही. पुढे २०१० साली राइड्ससाठी सविस्तर मापं ठरली आणि १५ मार्च २०१२ पासून ती लागू झाली. नवी राइड बांधताना तीनपैकी एक सोय हवी. व्हीलचेअर थेट आत जाईल अशी जागा, किंवा खुर्चीतून सरकून बसता येईल असं आसन, किंवा उचलून बसवणारं साधन. खुर्चीची उंची आणि राइडच्या आसनाची उंची जुळली, तर माणूस हातांच्या जोरावर स्वतः सरकतो. नाही जुळली, तर चार अनोळखी माणसांनी त्याला पोत्यासारखं उचलायचं. काही इंचांचा प्रश्न असतो, पण त्या इंचांत माणसाचा मान अडकलेला असतो. आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. गावोगाव हलवले जाणारे जत्रेतले पाळणे या मापांतून वगळलेले आहेत. म्हणजे श्रीमंत अमेरिकेतही जत्रेचा पाळणा सुटलाच!

हक्काच्या या वाटेला समांतर अशी मायेचीही एक वाट होती. हेन्री लँडवर्थ हे नाझी छळछावण्यांतून वाचलेले गृहस्थ फ्लोरिडात हॉटेलं चालवत. ॲमी नावाच्या ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीला डिस्नेची बाग बघायची होती. लँडवर्थ यांच्या हॉटेलात खोली ठरली होती, पण बाकीची व्यवस्था होईपर्यंत ती मुलगी गेली. पुन्हा कुठल्या मुलाला असा उशीर होऊ नये म्हणून त्यांनी १९८६ साली ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड’ ही संस्था काढली. गंभीर आजारी मुलं आणि त्यांचं सगळं कुटुंब यांच्या राहण्या-फिरण्यासाठी तिने एक गावच वसवलं. ‘सगळं कुटुंब’ हे शब्द महत्त्वाचे. आजारी मुलाच्या घरात भावंडांचीही जत्रा चुकलेली असते.

रॅम्प झाले, आसनं झाली, तरी एक गोष्ट उरली : रांग. ऑटिझम असलेल्या मुलाचे पाय चांगले असतात. त्याला रॅम्प नको असतो. पण तासभर गोंगाटात, अनोळखी अंगं चिकटलेल्या रांगेत उभं राहणं त्याला असह्य होतं. अशांसाठी डिस्नेच्या बागांत एक कार्ड मिळे, ते दाखवलं की पुष्कळदा लवकर आत जाता येई. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने बातमी दिली, की काही श्रीमंत कुटुंबं तासाच्या दराने अपंग वाटाड्या भाड्याने घेतात आणि त्याच्या नावावर रांग चुकवतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्डाची पद्धत बदलली. आता परत येण्याची वेळ मिळू लागली. रांग जेवढी असेल तेवढं थांबायचं, पण रांगेबाहेर. कागदावर हे रास्तच. पण काही पालक म्हणाले, आमच्या मुलाला थांबणं हीच गोष्ट कळत नाही. खटले झाले. एका गाजलेल्या खटल्यात २०२० साली फ्लोरिडातल्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. २०२४ मध्ये ही सवलत मुख्यत्वे ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती आखली गेली. मग इतर दुखणी असलेले नाराज झाले.

कार्डाची गोम इथे आहे. रॅम्प कोणाला पुरावा मागत नाही. तिथून व्हीलचेअर जाते, बाबागाडी जाते, आजीही जाते. कार्ड मात्र दर वेळी विचारतं, तू खरंच अपंग आहेस का? किती? दाखव. लबाडी करतो धडधाकट माणूस, आणि तिची उलटतपासणी भोगतं ते मूल.

यावर एका बापाने वेगळं उत्तर शोधलं. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचे गॉर्डन हार्टमन हे घरं बांधणारे व्यावसायिक. त्यांची मुलगी मॉर्गन हिला बौद्धिक आणि शारीरिक अडचणी आहेत. सुट्टीत एका हॉटेलच्या तलावात ती इतर मुलांशी खेळायला गेली, तर ती मुलं हळूहळू पाण्याबाहेर निघून गेली. त्यातून १० एप्रिल २०१० रोजी ‘मॉर्गन्स वंडरलँड’ उघडलं. जुन्या दगडखाणीच्या जागेवर २५ एकरांची बाग. व्हीलचेअरसकट बसता येणारे झोके, व्हीलचेअरसकट फिरणारा पाळणा. अपंगांना प्रवेश फुकट. २०१७ मध्ये शेजारी पाण्याची बाग झाली. विजेवरची खुर्ची पाण्यात नेता येत नाही, म्हणून तिथे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या ठेवल्या, आणि स्नायू आखडू नयेत म्हणून काही ठिकाणी पाणी कोमट राखलं. या बागेत अपंगत्व नसलेलेही भरपूर येतात, आणि तीच तिची खरी कमाई. तलावातून निघून गेलेली मुलं इथे शेजारच्या झोक्यावर बसलेली असतात.

आता आपल्याकडे. दिल्लीत १९८४ साली अप्पूघर आलं, १९८९ मध्ये मुंबईत एस्सेलवर्ल्ड. अपंगांचा पहिला व्यापक कायदा मात्र १९९५चा. त्यात रॅम्पचा उल्लेख होता, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पुस्ती जोडलेली. कारकुनी करणाऱ्याला अशा पुस्तीचा अर्थ लगेच कळतो. फाइल बंद करायची किल्ली ती. ऑटिझमचं नाव त्या यादीत नव्हतं.

माझ्या थोरल्या बहिणीला लहानपणीच पोलिओ झाला. ती कॅलिपर लावून चालते. दहाएक वर्षांपूर्वी ती आपल्या मुलांना घेऊन परराज्यातल्या एका मोठ्या बागेत गेली होती. कर्मचारी अतिशय नम्र. ‘मॅडम, तुम्ही इथेच बसा, आम्ही पंखा लावून देतो.’ साध्या, संथ होडीतही त्यांनी तिला बसू दिलं नाही. ‘सेफ्टी’ म्हणे. काय धोका आहे, हे सांगायला कोणी नव्हतं. ती घरी येऊन एवढंच म्हणाली, ‘तिकीट मात्र पुरं घेतलं रे!’ आपण अपंग म्हटलं की मूल डोळ्यांपुढे आणतो. आपली आई खाली बसून आहे हे बघत होडीत फिरणाऱ्या मुलांची मजा किती उरत असेल, हाही प्रश्न आहे.

भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही केली. त्याच्या ३०व्या कलमात अपंग मुलांना खेळ आणि करमणुकीत बरोबरीने भाग घेता यावा असं स्पष्ट म्हटलं आहे. पुढे २०१६चा नवा कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, ऑटिझम आला, करमणुकीसाठी स्वतंत्र २९वं कलम आलं, आणि खासगी सेवा देणारेही सुगम्यतेच्या नियमांखाली आले. तरी नियम म्हणजे निव्वळ सूचना, असं मानून बरंच काही चाललं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं, की किमान मापं सक्तीचीच हवीत, ती ऐच्छिक असून चालणार नाहीत. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत १९७७ साली जे मागितलं गेलं, तिथे आपण आता पोचतो आहोत.

गोवा या बाबतीत अगदीच मागे नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला आणि देशभरची दिव्यांग मंडळी मांडवीकाठी जमली. नाच, खेळ, हिंडणं, सगळं त्यांनी केलं. पांगळा, अपंग, विकलांग, दिव्यांग असे शब्द बदलत गेले, पण शब्दापेक्षा त्या दिवसांतलं ते हिंडणं मला मोठं वाटलं. एक योगायोगही सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ पासून जागतिक अपंग दिन ठरवला तो ३ डिसेंबर, आणि आपल्या गोंयच्या सायबाचं फेस्तही ३ डिसेंबरलाच. त्या दिवशी जुन्या गोव्याला किती आजारी, किती पांगळी माणसं आशेने येतात, हे गोंयकाराला सांगायला नको.

देवाच्या दारात त्यांना आपण वाट करून देतो. पाळण्याच्या दारातही देता येईल. चढायची फळी पाळण्याच्या आसनाच्या उंचीची करायची. संध्याकाळच्या गर्दीआधी एखादा तास कमी आवाजाचा, कमी झगमगाटाचा ठेवायचा. पाळणा दोन मिनिटं जास्त थांबवायचा. धोका असेल तर तो कोणता, हे नीट सांगायचं. यातलं काहीही अमेरिकेच्या खर्चाचं नाही. जत्रेच्या तयारीत वीज, मजबुती, पार्किंग या सगळ्यांची चौकशी होते. त्यात एवढा एक प्रश्न घालायचा : खुर्चीवरचा माणूस पाळण्यात कसा बसेल? पुढच्या जत्रेच्या बैठकीला तुमच्यापैकी कोणी जाणार असेल, तर विचारून पाहा.