एका गळ्यासाठी

तारीख १७ जानेवारी १७७३. मिलान शहर. हाडं गोठवणाऱ्या थंडीतून तुम्ही सान अंतोनिओ अबाते या चर्चमध्ये शिरता. थिआटाइन पंथाच्या धर्मगुरूंचं हे चर्च, आणि आज इथल्याच संत अंतोनीचा सण. मान वर करून पाहा: सगळं छत कार्लोने बंधूंच्या भित्तिचित्रांनी भरलंय.

आज इथे एक नवा मोटेट, म्हणजे लॅटिन भक्तिगीत, गायला जाणार आहे. रचनाकाराला सतरावं वर्ष पुरं व्हायला अजून दहा दिवस आहेत. वोल्फगांग मोत्सार्ट. कालच त्यानं बहिणीला पत्र लिहून ही बातमी कळवली, तीही गंमत म्हणून वाक्यातले शब्द उलटसुलट करून. फ्लॉरेन्सच्या दरबारात मुलाची वर्णी लागावी म्हणून वडील लिओपोल्ड मिलानमध्येच थांबलेत आणि साल्झबुर्गला, आपल्या नोकरीच्या ठिकाणी, संधिवाताचं निमित्त कळवतायत.

वाद्यं सुरू होतात: व्हायोलिन, ओबो, हॉर्न, ऑर्गन. मग आवाज लागतो. इतका उंच आणि स्वच्छ, की तुम्ही नकळत गायिकेला शोधू लागता. पण गातोय सव्वीस वर्षांचा पुरुष, वेनान्त्सिओ राउत्झिनी. तीन आठवड्यांपूर्वीच, २६ डिसेंबरला, मोत्सार्टच्या 'लुचिओ सिल्ला' या ऑपेरात तो नायक होता. त्याचा गळा कुठे खुलतो, दम किती पुरतो, हे मोत्सार्टला तालमींतून पाठ झालंय. आता तो तेच ज्ञान देवाच्या दारी आणतोय. इथल्या ताना नाट्यगृहातल्यासारख्याच चपळ आहेत. भक्तीनं गंभीरच असावं हा नियम या मुलाला मान्य नाही.

राउत्झिनी कास्त्रातो आहे. आवाज फुटायच्या आत मुलावर शस्त्रक्रिया करायची, म्हणजे गळा कोवळा राहतो आणि छाती मात्र पुरुषाची होते. चर्च ही शस्त्रक्रिया निषिद्ध मानतं, आणि तिच्यातून घडलेले आवाज आपल्या गायकवृंदात घेतं. हे ठाऊक असूनही तुम्ही ऐकत राहता, कारण न ऐकणं अशक्य आहे.

ऑर्गनच्या साथीनं छोटंसं रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलल्यासारखं गाणं, येतं: वादळ सरलंय, दिवस उजाडलाय. मग संथ भाग. मेरीमातेकडे शांती मागणारे लांब, श्वासाची परीक्षा पाहणारे स्वर. त्याच्या शेवटी न थांबता संगीत वळण घेतं आणि 'आलेलुया' सुरू होतं. शब्द एकच. तो किती तऱ्हांनी फुलवता येतो! प्रत्येक आवर्तनात आधीपेक्षा उंच, आधीपेक्षा हलका.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. फ्लॉरेन्सची नोकरी मिळणार नाही. मार्चमध्ये बापलेक साल्झबुर्गला परततील आणि मोत्सार्ट पुन्हा कधी इटलीत येणार नाही. राउत्झिनी इंग्लंडमधल्या बाथ शहरी स्थायिक होईल. आजची ही रचना, 'एक्सुल्ताते, युबिलाते', मात्र जगभरच्या सोप्रानो गायिकांची होईल, आणि तिच्यासाठी कुणा मुलाच्या शरीराची किंमत द्यावी लागणार नाही.

म्हणून तुमच्या काळात ही रचना पुन्हा ऐकाल, तेव्हा मोत्सार्टच्या जोडीनं राउत्झिनीचंही नाव घ्या. हा आनंद त्याच्या गळ्याच्या मापानं बेतला गेला, आणि त्या गळ्याचं मोल त्यानं लहानपणीच मोजलं होतं.