बीदरच्या भूमीखालचे पाणी

बीदरहून औरादच्या वाटेला लागले म्हणजे मांजरा ओलांडावी लागते आणि पुढे संतपूर येते. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा जेथे एकाच ओट्यावर बसतात, अशा मुलखातले हे गाव. येथून दक्षिणेकडे पाहणाऱ्या इतिहासाभ्यासकापुढे एक साधा प्रश्न उभा राहतो : नदी खाली खोऱ्यात राहिली असता उंच पठारावर वसविलेल्या राजधानीला पाणी कोठून मिळाले असावे?

अहमदशाह वली (कारकीर्द १४२२–१४३६) याने गुलबर्ग्याची राजधानी बीदरला आणली. तेथील दुर्ग, कबरी आणि १४७२ मधील महमूद गवानचा मदरसा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गुलाम याझदानी यांचा १९४७ चा ग्रंथ तर सर्वांच्या परिचयाचा आहे. वास्तूंच्या मानाने जलव्यवस्थेचा विचार मात्र उशिरा सुरू झाला.

उत्तर भूमीच्या रचनेतच आहे. पठाराचा वरचा थर सच्छिद्र जांभ्या दगडाचा असून त्याखाली काळा पाषाण आहे. जांभ्यातून झिरपलेले पावसाचे पाणी काळ्या पाषाणापाशी अडते आणि कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. नानक झिरा हे श्रद्धास्थान अशाच झऱ्यावर उभे आहे. निसर्गाचा हा मार्ग मनुष्याने लांबविला, तो नौबादच्या कारेजात. लोक त्यास सुरंग बावी म्हणतात. जमिनीखाली मंद उताराचा बोगदा आणि त्यावर ठराविक अंतराने उतरलेल्या वीसहून अधिक उभ्या विहिरी, असे त्याचे स्वरूप आहे. ही विद्या इराणातली. तेथील कनातांना २०१६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला.

तथापि विद्या बाहेरून आली म्हणून ती आपोआप रुजत नाही. जांभा कोठे संपतो, झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे इराणातून आलेल्या कारागिरास कोण सांगणार? ते येथील खोदणाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनीच सांगितले असले पाहिजे, असे आमचे अनुमान आहे. बखरकारांनी सुलतानांची नावे राखली. या हातांची राखली नाहीत.

कारेजाचा एक गुण नगररचनाकारांनी ध्यानात घ्यावा असा आहे. उतार जेवढे देईल तेवढेच पाणी त्यातून मिळते. बोगद्याच्या पातळीखालचा साठा त्यास उपसता येत नाही. विंधनविहिरीस असा संयम ठाऊक नाही. दुसरे असे की, बोगदा अनेकांच्या जमिनींखालून जातो. एकाने आपल्या हद्दीतील विहीर बुजविली तर खालच्या सर्वांचे पाणी अडते. म्हणून गाळ काढणे हे सामाईक कर्तव्य ठरते. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत हेच तत्त्व दिसते : पांझरा, मोसम या नद्यांच्या बंधाऱ्यांवर पंच नियम ठरवीत, पाटकरी पाणी वाटीत आणि सर्व शेतकरी ते मानीत.

बीदरमध्ये हे नाते तुटले. नळ आल्यावर उभ्या विहिरींत कचरा पडू लागला, काहींवर बांधकामे चढली. २०१५ च्या सुमारास नौबादच्या कारेजातील गाळ काढण्यात आला, ही समाधानाची गोष्ट. परंतु गाळ काढणे एकवेळचे नव्हे. ज्यांच्या शेताखालून पाणी वाहते त्यांना व्यवस्थेत स्थान नसेल तर गाळ पुन्हा साचणारच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. ज्या मांजरेवरील धरणावर लातूर अवलंबून होते, तीच नदी पुढे संतपूर आणि बीदर यांच्यामधून वाहते. १९५६ मध्ये जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. नदीचे खोरे मात्र कोणी वाटू शकले नाही.

शहराचा आराखडा कागदावर काढताना भूमीखालचा आराखडा शेजारी मांडला जावा, आणि तो वाचण्यास गावातील वृद्धांना बोलवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. शिक्षकबंधूंनी आपल्या विद्यार्थ्यांस गावच्या बारवेपाशी नेऊन तिचा गाळ शेवटी कोणी काढला एवढे जरी विचारावयास लावले, तरी इतिहासाचा एक उपेक्षित अध्याय लिहिला जाऊ लागेल.